उपलब्ध जस्त

चहाचा शेवटचा घोट घेऊन मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आज चहा झकास झालाय." हे वाक्य मी मंगलला रोज सकाळी म्हणतो. लग्न झाल्यापासून म्हणतो, म्हणजे बत्तीस वर्षं. त्यात आता अर्थ फारसा उरलेला नाही, पण म्हटलं नाही तर दोघांनाही दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मंगलनं स्वतःचा कप तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि पळत मोरीकडे गेली. थुंकल्याचा आवाज आला, मग चूळ भरल्याचा. पदरानं तोंड पुसत ती दारात उभी राहिली. "मीठ हाय ह्याच्यात," ती म्हणाली. "सुनबाईनं दोन बरण्या एकसारख्याच आणून ठिवल्यात. साखर म्हणून मीठ टाकलं मी." मग माझ्या कपात वाकून बघितलं. तळाला थेंबसुद्धा नव्हता. "आन् तुमी सगळा पिलात?"

पिलो होतो. वर झकास म्हणून शेराही दिला होता. मला आधी हसूच आलं आणि मंगलही हसली, पण हसता हसता ती माझ्याकडे नीट बघायला लागली, तसं मी हसणं आवरलं. कारण मला हे नवं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी ताप येऊन गेला, चार दिवस अंथरुणावर काढले, उठलो तेव्हा तोंड पुचाट झालेलं. ताप गेल्यावर असं होतंच म्हणून मी सोडून दिलं. मग वांग्याची भाजी पुचाट लागली, ठेचा नुसता तिखट लागला, त्याला बाकी काही नव्हतंच, आणि एकदा आंबा खाताना ओला कापूस चघळल्यासारखं वाटलं. एवढं होऊनही मी मनाशी काय म्हणत होतो, तर मंगलचा हात गेला. वय झालं बिचारीचं, आपण समजून घ्यावं, काही बोलू नये. पंधरा दिवस मी मोठ्या मनानं तिला माफ करत जेवत होतो. त्या सकाळी बीडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, उन्हं अजून भिंतीवर चढलेली नसताना, मला कळलं की बिघाड स्वयंपाकघरात नाही, माझ्या तोंडात आहे. आणि पाठोपाठ, मंगल काही बोलायच्या आत, एकच गोष्ट डोक्यात आली. बुद्ध पौर्णिमा अकरा दिवसांवर आली होती.

डॉक्टर म्हणजे आमची अंजली. शेजारच्यांची मुलगी, सातवीत असताना विज्ञानाची वही घेऊन माझ्याकडे यायची. आता तिच्यासमोर मी जीभ बाहेर काढून बसलो होतो. तिनं जीभ बघितली, घसा बघितला, ओठांच्या चिरलेल्या कडा बघितल्या. नव्या चपलेनं टाचेला लागलेली जखम बघितली, जी सहा आठवडे झाले तरी भरायचं नाव घेत नव्हती. हिवाळ्यात सर्दी किती वेळा झाली हेही विचारलं. तीनदा, मी म्हणालो, पण एकीचं शेपूट दुसरीला इतकं चिकटलेलं होतं की मोजणं अवघड. तिनं रक्त काढायला पाठवलं. दोन दिवसांनी कागद पुढे धरून, वडीलधाऱ्या माणसाशी बोलतात तशा हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमच्यात जस्ताची कमतरता आहे."

मी हसायला लागलो. इतका की कंपाउंडरनं दार उघडून आत डोकावलं. अंजली घाबरली असावी. मागच्या साली निवृत्त होईपर्यंत मी एकतीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली आणि त्यातली निम्मी तरी हेच वाक्य लिहिण्यात गेली! शेतकरी पिशवीत माती आणायचे, आम्ही ती वाळवून, कुटून, चाळून, औषधं घालून तपासायचो आणि कार्ड भरून द्यायचो. त्यात खाली एक रकाना असायचा, उपलब्ध जस्त. दशलक्ष भागात सहा दशांशाच्या खाली आकडा गेला की समोर लिहायचं: कमी. कमी, कमी, कमी. माझं अक्षर त्या एका शब्दानंच वळणदार झालं. एकदा कडा गावाकडचे एक म्हातारबाबा कार्ड घेऊन परत आले आणि टेबलावर आपटून म्हणाले, "सायेब, माज्या रानात जस्त कमी हाय म्हंता? घरी यिऊन बगा. दोन बादल्या हायत, एक टाकी हाय, आन् गोठ्यावर आख्खा पत्रा हाय!" मी त्यांना चहा पाजला आणि तासभर समजावलं. बाबा, जस्त तुमच्या रानातही आहे. ही चुनखडीची जमीन आहे ना, ती त्याला आवळून धरते. मुळाच्या बोटाशी असतं, पण मुळाला ओढता येत नाही. म्हणून रकान्यात नुसतं जस्त लिहिलेलं नाही, उपलब्ध जस्त लिहिलंय. बाबांनी मान डोलावली आणि जाताना म्हणाले, "मंजी आमच्या सोसायटीच्या चेरमनावानी." एवढं नेमकं आम्हाला पुस्तकातही कुणी शिकवलं नव्हतं.

आता अंजली मला तेच समजावत होती आणि मी कार्ड घेऊन बसलेल्या शेतकऱ्यासारखा ऐकत होतो. "शरीर ह्याचा मोठा साठा करून ठेवत नाही काका, रोज थोडं थोडं लागतं. जखम भरायला लागतं. सर्दी-तापाशी लढणाऱ्या पेशी नीट तयार व्हायला लागतं. जिभेवरची चव ओळखणारी टोकं सारखी झिजतात, ती नव्यानं यायला लागतं. पण सगळं खापर जस्तावर फोडू नका, नुसत्या तापानंही चव जाते." ज्वारी-बाजरीत, डाळीत जस्त असतं, पण त्याला धरून ठेवणारं काहीतरी त्या दाण्यातच असतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की ते जरा सुटतं. गोळी जेवल्यावर घ्यायची, चहाबरोबर नाही आणि सांगितल्यापेक्षा एकही जास्त नाही, कारण फार झालं की अंगातलं तांबं कमी होतं. चव येईल बहुतेक, सहा-आठ आठवडे धरा. "नऊ दिवसांत नाही येणार?" मी विचारलं. अंजली हसली. "काका, तुम्हीच मला शिकवलं होतं, पीक काय पोस्टानं मागवता येतं का?"

मंगलनं मात्र नऊ दिवसांचीच मोहीम असल्यासारखं घर कामाला लावलं. मटकी, मूग, हरभरा, चवळी, जे दिसेल ते भिजत पडलं. खुंट्यांवर बांधलेल्या फडक्यांच्या पुरचुंड्या लोंबायला लागल्या. ज्वारीच्या पिठाची आंबील आंबायला लागली. तीळ, शेंगदाणे, कारळाची चटणी, रविवारी मटण. मी सगळं खात होतो आणि सगळं एकच लागत होतं. ओठांच्या कडा तशाच चिरलेल्या, हसलो की दुखायच्या. चुलतभाऊ विलासचा गावाकडून फोन आला तेव्हा डॉक्टरांनी जस्त कमी सांगितलंय एवढंच मी त्याला बोललो, चवीचं गिळलं. तो आनंदानं ओरडला, "अरं मग कावून घोर करतो? आपल्या मोसंबीला टाकायला आणलेलं झिंक हाय की घरात, पाच किलोची पिशवी! चिमूटभर टाक ताकात." मला आमच्या आईची जस्ताची बादली आठवली. त्या बादलीनं आम्ही विहिरीवरून पाणी आणायचो, तिच्यात कपडे भिजवायचो, पालथी घालून वर बसायचो. पण ताकाला तिच्यात कधी जागा नव्हती. "त्यात आंबट ठिवलं की ते बादलीला खातं, मग आपुन त्याला खातो आन् वकत बसतो," असं आई म्हणायची. तिला रसायनशास्त्र कोण शिकवणार, पण प्रयोगशाळेत माझ्यापेक्षा बरी चालली असती. विलासला मी म्हणालो, "मोसंबीचं मोसंबीला राहू दे बाबा. मी गोळीवर भागवतो."

खरा घोर वेगळाच होता आणि तो मी कुणाला सांगत नव्हतो. आमचं गाव चकलांब्याच्या अलीकडे आहे. दर बुद्ध पौर्णिमेला विहारापुढे मांडव पडतो, वंदना होते आणि दुपारी सगळ्या वस्तीचं एक जेवण होतं, तीनेकशे माणसाचं. त्या जेवणाच्या आमटीचं मीठ बघायचा मान आमच्या घरात आहे. म्हणजे डेग चुलीवर असते, आचारी हात राखून मीठ टाकतो, मग आमच्या घरातला कर्ता पुरुष पुढे जातो, पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखतो आणि सांगतो. अजून एक मूठ, नाहीतर दोन मुठी, नाहीतर जमलं. तो जमलं म्हणेपर्यंत पंगत बसत नाही. छपन्न साली दीक्षा घेतल्यावर पुढच्या पौर्णिमेला आमच्या लोकांनी पहिल्यांदा स्वतःच्या भांड्यात, स्वतः आणलेल्या डाळीचं, सगळ्यांसाठी एकत्र शिजवलं. त्याआधी गावजेवणाचं जे यायचं ते वरून, शेवटी, हातात पडायचं. त्यात मीठ किती, हे विचारायची सोय नव्हती. माझा आजा धोंडीराम त्या दिवशी डेगेजवळ गेला, हातावर आमटी घेतली आणि म्हणाला, "आता मीठ आपुन ठरवायचं." वस्तीत हे वाक्य पोरासोरांना पाठ आहे. आज्यानंतर माझे वडील, दादा, आणि दादांनंतर गेली सोळा वर्षं मी. बीडहून एसटीनं जातो, गेवराईला बदलतो, पण ह्या दिवशी चुकत नाही.

दादांची पद्धत मला अगदी डोळ्यांपुढे दिसते. ते डेगेशी जायचे तेव्हा टोपी काढून काखेत धरायचे. हातावर आमटी घ्यायचे, फुंकर घालायचे, चाटायचे. मग लगेच बोलायचे नाहीत. मान वर करून वाफेच्या पलीकडे बघायचे, असे चार-पाच श्वास. दादांच्या उतारवयात मी मांडवाच्या वाशाला टेकून हे बघायचो तेव्हा वाटायचं, दादा आज्याला बघतायत, वाफेत त्यांना आजा दिसतोय. मान माझ्याकडे आल्यावर तो मान वर करायचा भागही मी बिनचूक उचलला. मला वाफेत कुणी दिसलं नाही, पण मी दरसाल मनोभावे बघतो आणि मग सांगतो. एक कबूल करतो, मला ते फार आवडतं. प्रयोगशाळेत मी तिसऱ्या टेबलावरचा माणूस होतो, वरती साहेब, त्यावर मोठे साहेब. पण त्या एका क्षणी तीनशे माणसं हातात पाण्याचे तांबे घेऊन माझ्या जिभेकडे बघत थांबलेली असतात. आणि ह्या साली त्या जिभेला मीठ आणि साखरेतला फरक कळत नव्हता.

"सांगून टाका की सरळ," मंगल म्हणाली. "जिभंला काय झालंय ते सांगायला लाज कसली?"

"मान जाईल."

"मान काय जिभंला बांधलाय व्हय? विलासभाऊजी बघतील यंदा."

विलास. विलासला चहात बुडवलेलं बिस्कीट आणि न बुडवलेलं एवढाच फरक कळतो. माझ्या मनात आलं ते हेवा असेल, भीती असेल. एकदा दुसऱ्याच्या हातावर आमटी पडली की पुढच्या साली ती परत माझ्या हातावर येईल याची काय खात्री? आणि आज्याचं ते वाक्य विलासच्या घरात जाऊन राहील. असला क्षुद्र विचार मला पौर्णिमेच्या तोंडावर सुचावा याची लाज वाटली. पण सुचला, तो सुचलाच. त्याच दुपारी कपाटात चष्म्याचं घर शोधताना हाताला कांडी लागली.

कांडी म्हणजे क्षार मोजायचं यंत्र, पेनापेक्षा जरा जाड. मातीच्या पाण्यात बुडवायचं, पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते, आणि वरच्या खिडकीत आकडा दिसतो. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी शालीबरोबर ही जुनी, बाद झालेली कांडी मला आठवण म्हणून दिली होती. वर चिठ्ठी बांधली होती: आधी तापमान, मग आकडा. ते माझंच पालुपद. पाणी गरम असलं की आकडा फुगतो, नवी यंत्रं ते स्वतःच दुरुस्त करतात, ही जुनी करत नाही. म्हणून हाताखाली येणाऱ्या प्रत्येक पोरावर मी एकतीस वर्षं खेकसत आलो, नमुना थंड होऊ दे, आधी तापमान! मी कांडी हातात फिरवली. मीठ म्हणजे क्षारच की. जीभ गेली तर गेली, यंत्र तर आहे! मी उडीच मारली असेल, कारण मंगल आतून म्हणाली, "काय पडलं?"

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळीच येसर, म्हणजे भाजक्या मसाल्याचं पीठ, लावून मांडवातल्यासारखी आमटी करून ठेवली आणि दुपारी माझी झोप झाल्यावर आम्ही बसलो. सात वाट्या, सातही वाट्यांत मीठ वेगवेगळं, खाली चिठ्ठ्या. ती चाखायची, मी बुडवायचो. अळणी, कमी, किंचित कमी, "ही बगा, ही हाय बरोबर," मग जास्त, खारट आणि सातवीला तिनं नुसते हात जोडले. बरोबर म्हटलेल्या वाटीत आकडा आला चौदा. तीन वेळा बुडवून बघितलं, चौदाच. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. मंगल वाट्या उचलत म्हणाली, "माजा काय भरवसा न्हाई ह्या कांडीवर. आन् तुमच्यावरबी." पण ती हसत होती, आणि थंड झालेल्या सात वाट्या एकात एक घालून घेऊन गेली.

पौर्णिमेला मी आणि मंगल गावी पोचलो तेव्हा ऊन नुसतं ओतत होतं. मांडवात पंचरंगी पताका, विहाराच्या ओट्यावर नवा चुना, त्रिशरण-पंचशील झालं, पोरींनी गाणी म्हटली. मागं चुलीवर पहिली डेग उकळत होती. आचारी सोमनाथ घामानं निथळत होता, गेली पाच-सहा वर्षं तोच करतो. डेगेच्या पलीकडे माझी चुलती बायना काकू उभी होती, विलासची आई, ऐंशीच्या पुढं गेलेली. दरसाल ती तिथंच असते, हातात लाकडी दांड्याची मोठी पळी घेऊन. ह्या वेळी पळी तिनं काठीसारखी उभी धरली होती. मला वाटलं, थकली आता, आधार लागतो. "माणिकभाऊ, या, मीठ बगा," सोमनाथ म्हणाला. मी त्याच्याकडून स्टीलच्या पेल्यात आमटी घेतली, म्हणालो, "जरा उजेडात बघतो," आणि पाण्याच्या टँकरमागं गेलो. खिशातून कांडी काढली. पेला हाताला चटका देत होता, तो उपरण्यात धरला आणि कांडी बुडवली. आकडा हलला, थरथरला आणि ठरला. चौदा. मला तिथंच, टँकरच्या चाकाला टेकून, आज्याला हाक मारावीशी वाटली.

परत आलो, लोकांसाठी म्हणून चार थेंब हातावर घेऊन चाटले, खाली बघूनच मान डोलावली आणि म्हणालो, "जमलं." सोमनाथ चकित झाला. "खरंच? मी तर लई हात राखून टाकलंतं भाऊ." मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "आज तुझा हात बसला." हे बोलताना एक बारीकशी शंका येऊन गेली, की सोळा वर्षांत पहिल्या फटक्यात असं कधी जमलं नव्हतं. पण आकड्यापुढे शंकेचं काय चालतं? पलीकडे बायना काकूनं तोंड उघडलं आणि मिटलं. पंगत बसली.

पंगत नेहमीपेक्षा शांत होती. आमटीला पुन्हा हाक कमी येत होती, पण लोक जेवत होते, माझ्याकडे बघून माना हलवत होते, एक-दोघांनी उगीचच "वा" म्हटलं. विलास माझ्या शेजारी बसला होता. "कशी झालीय?" मी विचारलं. "लई झकास," तो पत्रावळीत बघत म्हणाला, आणि त्याचा सूर मला ओळखीचा वाटला. बत्तीस वर्षं मी त्याच सुरात चहाचं कौतुक करत आलोय. मी त्याच्याकडे वळलो तसा त्यानं हात झटकन मांडीखाली घातला. तेवढ्यात बायना काकू कमरेवर हात ठेवत आली, माझ्यासमोर खाली बसली आणि बंद मूठ पुढं केली. मूठ उघडली, तिच्यात मीठ होतं.

"माणिका," ती हळूच म्हणाली, "कवापासून चव न्हाई तुला?"

माझा घास हातात राहिला. "काकू, तुला कुणी..."

"कुनी कशाला सांगाय पायजे? तुज्या बापाचंबी असंच झालतं. एकदा मी पिठल्यात मीठ इसरले. समद्यांनी त्वांड वाकडं केलं, आन् थोरले दीर म्हनले लई ग्वाड झालंय. तवा मला कळलं. पार मरंपत्तुर त्यास्नी चव न्हवती. दहा-बारा सालं."

"पण दादा तर मीठ बघायचे. शेवटच्या सालापर्यंत."

"बगायचे की. मला बगायचे!" ती तोंडाला पदर लावून हसली. "थोरल्या दिरापुढं मला बोलायची सोय न्हवती. मी आधी चाखून ठिवायची आन् पळी धरून पलीकडं हुबी ऱ्हायची. पळी हुबी मंजी मीठ पायजे. जेवड्या मुठी तेवडी बोटं दांड्यावर वर करायची. पळी आडवी मंजी जमलं. कंदी बोललो न्हाई आमी ह्याच्यावर, त्येबी न्हाईत, मीबी न्हाई. तुज्या येळंलाबी सवयीनं धरीत आले, तुला जीब हुती, तुला गरज न्हवती. आज बोटं वर करून करून माजा हात दुखला. पर तू वर बगशील तर शपत!"

म्हणजे आजा नव्हता त्या वाफेत. माझ्या डोळ्यांपुढे दादांचा वर झालेला चेहरा आला, ते चार-पाच श्वास, ती टोपी काखेत, आणि पलीकडे डोक्यावर पदर घेतलेली, तेव्हा पन्नाशीची असलेली ही बाई, हातात पळी. सोळा वर्षं मी मान वर करून बघत आलो आणि समोर उभ्या माणसाला सोडून बाकी सगळं बघितलं. आमच्या रानाची माती एकदा मीच तपासली होती, उपलब्ध जस्त, कमी. कार्ड मीच लिहिलं. त्या रानाची ज्वारी जन्मभर खाल्लेल्या माणसाच्या तोंडाला चव आहे का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. त्यांचं कशानं गेलं होतं ते आता कुठं तपासणार? मला रडू येईल असं वाटलं. पण काकू समोर मूठ धरून बसली होती, आणि मागून मला एकदम माझाच आवाज ऐकू आला, टेबलावर हात आपटून खेकसणारा. आधी तापमान! उकळती आमटी, उपरण्यात धरलेला पेला! घरच्या सातही वाट्या गार होत्या आणि इथं मी चुलीवरची आमटी मोजून आलो होतो. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी आलेलं पोरही असं करत नाही. मी मोठ्यानं हसायला लागलो, ओठ चिरला तरी थांबेना.

मग मी उभा राहिलो. पंगत माझ्याकडे बघायला लागली. "आमटीत मीठ कमी आहे," मी म्हणालो. "माझ्या तोंडाला महिनाभर चव नाही. डॉक्टरांनी जस्त कमी सांगितलंय. मी तुमच्यापासून लपवलं, आणि जमलं म्हणालो." मग बायकांच्या पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "कळलंय की आमाला!" आणि विलासनं मांडीखालचा हात वर काढला. हातात मिठाची पुडी होती. ती पहिल्या घासापासून पंगतीतून फिरत होती. मांड्यांखालून, पदराआडून, द्रोणाच्या पलीकडून, ह्या टोकाहून त्या टोकाला, माझ्या नजरेला पडू नये म्हणून. तीनशे माणसांनी चिमूट चिमूट मीठ चोरून घेतलं होतं आणि वर माझ्याकडे बघून माना डोलावल्या होत्या. सगळा मांडव हसायला लागला. मंगल तर ठसका लागून पाणी मागत होती. मला त्या सगळ्यांची इतकी माया आली की कुणाकडे बघू कळेना.

काकूनं माझ्या द्रोणात मीठ टाकलं, बोटानं ढवळलं. "खा." मी भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला. जिभेवर काही नाही, तोच ओला कापूस. पण ओठाच्या चिरेत अशी आग उठली की डोळ्यांत पाणी आलं.

"काय?"

"झोंबलं."

"मंजी मीठ बरोबर हाय," काकू म्हणाली. "चव यील मागनं. गोळ्या नेमानं घे, आन् टँकरमागं काडलीतीस ती कांडी घरी ठिव."

"दुसरी डेग उकळली," तिकडून सोमनाथनं हाक दिली. "मीठ बगायला कोन येतंय?" मी विलासकडे बघितलं. तो भाकरी मोडत होता. "जा की," तो म्हणाला, "का मी चाटू ती आमटी? मला बिस्कुटाच्या फुडं कळत न्हाई." मी उठलो, काकूला हात देऊन उठवलं. ती डेगेकडे गेली, पळी बुडवली, चाखलं आणि पलीकडे जाऊन उभी राहिली. मी टोपी काढून काखेत धरली. हातावर आमटी घेतली, फुंकर घातली, चाटली. मग मान वर करून वाफेच्या पलीकडे बघितलं. पळी उभी होती आणि दांड्यावर दोन वाकडी, म्हातारी बोटं वर होती.

"दोन मुठी," मी म्हणालो.

सोमनाथनं दोन मुठी टाकल्या आणि ढवळलं. काकूनं परत चाखलं आणि पळी आडवी धरली.